जुन्या पिकअपला रिमोट लॉक

कारखान्यातून फक्त चावीचे लॉक घेऊन आलेल्या जुन्या पिकअपला रिमोट लॉक नंतरही बसवता येते. त्यासाठीचे किट ऑटोमोबाइलच्या दुकानात तयार मिळते. त्यात साधारणपणे दोन रिमोट, एक नियंत्रक पेटी, दारांत बसवायच्या छोट्या विजेच्या मोटरी, जोडणीच्या तारा आणि स्क्रू-पट्ट्या असतात. महाराष्ट्रात मालवाहतुकीसाठी राबणाऱ्या महिंद्र बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ यांसारख्या गाड्यांच्या जुन्या, साध्या आवृत्त्यांत सेंट्रल लॉक नसे. दोनच दारे, मोजक्या तारा आणि संगणकविरहित वायरिंग यांमुळे अशा गाडीवर हे काम तुलनेने सोपे जाते. मात्र सोपे म्हणून ते कसेही उरकले, तर पहिल्याच पावसाळ्यात लॉक रुसते, बॅटरी उतरते किंवा तार जळते.

पिकअपच्या चालकाला या सोयीचा खरा उपयोग आहे. भाजी, दूध, किराणा किंवा कुरिअर पोचवणारा चालक दिवसभर चढ-उतार करतो. आपल्या बाजूचे दार तो चावीने लावतो, पण पलीकडचे लॉक झाले आहे का, हे पाहायला दर वेळी वळसा घालत नाही. गाडीची कागदपत्रे, बिले, रोकड आणि मोबाइल केबिनमध्येच असतात. एका बटणाने दोन्ही दारे लागली आणि इंडिकेटरने तशी पोच दिली, तर ही जोखीम कमी होते. मागचा हौदा मात्र उघडाच राहतो. रिमोट लॉक केबिनची राखण करते, मालाची नाही.

सोय आली कुठून

विजेवर चालणारी दारांची लॉक अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९५६मध्ये आपल्या मोटारींत दिली. फोर्डने १९८०मध्ये दारावर आकड्यांची बटणे बसवून चावीवाचून उघडणारी पद्धत आणली. दुरून दार उघडणारा रिमोट १९८२मध्ये फ्रान्सच्या रेनो फ्युएगो या मोटारीबरोबर आला. तो पॉल लिपशुट्झ यांच्या कल्पनेतून साकारला होता.

आजचे रिमोट रेडिओलहरी वापरतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक किटची वारंवारता ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते. बटण दाबले की रिमोट एक सांकेतिक संदेश सोडतो. पेटीतील रिसीव्हर तो ओळखतो आणि रिलेमार्फत मोटरींना वीज देतो.

संदेशाचे दोन प्रकार आहेत. स्थिर संकेताच्या रिमोटमधून दर वेळी तोच संदेश निघतो. तो कोणी एकदा टिपून ठेवला, तर पुन्हा प्रक्षेपित करून दार उघडू शकतो. बदलत्या संकेताच्या, म्हणजे रोलिंग कोडच्या रिमोटमध्ये प्रत्येक दाबागणिक एक आकडा पुढे सरकतो आणि गुप्त किल्लीने कूटबद्ध होऊन बाहेर पडतो. पेटी आधीच्या आकड्याच्या पुढचाच संदेश स्वीकारते, त्यामुळे टिपून ठेवलेला जुना संदेश निरुपयोगी ठरतो. या पद्धतीतील कीलॉक हे तंत्र दक्षिण आफ्रिकेत जन्मले आणि पुढे मायक्रोचिप कंपनीच्या चिपमधून जगभर पसरले. त्यात खिशात बटण चुकून काही वेळा दाबले गेले, तरी पुढचे १६ आकडे पेटी बिनतक्रार मान्य करते. अंतर त्याहून वाढले, तर लागोपाठ दोनदा बटण दाबून रिमोट आणि पेटी पुन्हा जुळवून घेतात. रोलिंग कोडही अभेद्य नाही. सॅमी कामकर या संशोधकाने २०१५मध्ये रिमोटचा संदेश अडवून तो नंतर वापरणारे उपकरण दाखवले होते. तरीही स्थिर संकेतापेक्षा ही पद्धत कितीतरी सुरक्षित आहे. किट घेताना म्हणूनच ‘रोलिंग कोड आहे का’ हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारायला हवा.

आधी दार तपासावे

जुन्या गाडीत निम्मे काम विजेचे आणि निम्मे लोखंडाचे असते. लॉकची मोटर छोटी असते. तिची दांडी सुमारे दोन सेंटिमीटर आत-बाहेर सरकते आणि तेवढ्या हालचालीत तिला लॉकची सळई ओढावी किंवा ढकलावी लागते. वर्षानुवर्षांची धूळ, वाळलेले ग्रीस आणि गंज यांनी लॉक जाम झाले असेल, तर ती अर्ध्यातच अडते.

कसोटी सोपी आहे. दाराची लॉक-खुंटी एका बोटाने अलगद वर-खाली व्हायला हवी. तेवढे होत नसेल, तर आधी लॉकची यंत्रणा स्वच्छ करून तिला योग्य वंगण द्यावे, झिजलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा बदलाव्यात आणि दार बिजागरीवर खाली बसले असेल तर तेही सरळ करून घ्यावे. चावीचे लॉक दोन्ही दिशांना नीट फिरते ना, हेही पाहावे. रिमोटचा सेल संपला किंवा गाडीची बॅटरी उतरली, तर शेवटी चावीच कामाला येते.

दुसरी तपासणी व्होल्टची. पिकअप बहुधा १२ व्होल्टवर चालतात, पण मोठ्या मालमोटारींत २४ व्होल्ट असतात आणि तेथे १२ व्होल्टचे किट जळते. इंजिन बंद असताना निरोगी बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू झाल्यावर चार्जिंगमुळे आकडा १४च्या आसपास जातो. बॅटरीच अशक्त असेल, तर नव्या उपकरणाला दोष देण्यात अर्थ नाही.

दोन तारांची आणि पाच तारांची मोटर

किटमधल्या मोटरी दोन प्रकारच्या असतात. क्लीनरच्या बाजूच्या दारात दोन तारांची मोटर बसते. एका तारेला धन आणि दुसरीला ऋण दिले की दांडी बाहेर येते. उलटे दिले की आत जाते. विश्रांतीच्या स्थितीत पेटी दोन्ही तारा ऋणाला जोडून ठेवते आणि लॉक किंवा अनलॉक करताना त्यांपैकी एकीला सेकंदाच्या अंशभर धन देते.

चालकाच्या दारात पाच तारांची मोटर बसते. तिच्या दोन जाड तारा मोटरच्या आणि तीन बारीक तारा आतल्या स्विचच्या असतात. चालकाने चावीने दार लावले, की सळई हलते, सळईबरोबर मोटरची दांडी हलते आणि आतला स्विच पेटीला तसे कळवतो. मग पेटी पलीकडचे दारही लावते. म्हणजे रिमोट हाताशी नसला, तरी एका चावीने दोन्ही दारे लागतात. बऱ्याच किटमध्ये जाड तारा निळी आणि हिरवी, तर बारीक तारा काळी, पांढरी आणि तपकिरी असतात. पण रंगांवर विसंबू नये. किटसोबतचा नकाशा आणि मल्टिमीटर यांचाच शब्द प्रमाण मानावा.

दारातले काम

सुरुवातीला बॅटरीची ऋण तार सोडावी. मग दाराचे आतले आवरण उतरवायचे. त्यासाठी हात टेकायच्या हँडलचे स्क्रू आणि काच फिरवण्याचे हँडल काढावे लागते. अनेक गाड्यांत या हँडलमागे स्प्रिंगची छोटी क्लिप असते. हँडल आणि आवरण यांच्या फटीत सुती कापडाची पट्टी घालून ती डावी-उजवीकडे ओढली, की क्लिप निघते. आवरणामागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडून टाकण्याची सवय घातक आहे. पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणूनच हा कागद असतो. तो जपून सोडवावा आणि काम झाल्यावर पुन्हा चिकटवावा.

मोटरची जागा निवडताना काच पूर्ण खाली घेऊन पाहावे. काच, तिची पट्टी आणि काच उचलणारी यंत्रणा यांच्या वाटेत मोटर किंवा तार येता कामा नये. मोटरची दांडी आणि लॉकची सळई एका रेषेत, निदान समांतर असाव्यात. त्या तिरप्या राहिल्या, तर जोर वाया जातो आणि सळई वाकते. दोन्ही सळया किटमधल्या धातूच्या जोडठोकळ्याने बांधतात. त्याचे बारीक स्क्रू आवळण्यापूर्वी मोटरची दांडी आणि लॉकची खुंटी दोन्ही एकाच स्थितीत, म्हणजे दोन्ही ‘लॉक’ किंवा दोन्ही ‘अनलॉक’मध्ये, आहेत याची खात्री करावी. येथे चुकले, तर मोटर पूर्ण फिरूनही दार अर्धेच लागते.

मोटर दाराच्या तळापासून वर आणि तारेचे तोंड खालच्या बाजूला ठेवून बसवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तिच्यात शिरत नाही. पत्र्याला भोक पाडताना ड्रिलचे टोक बाहेरच्या पत्र्याला लागणार नाही, याकडे लक्ष असावे.

बिजागरीजवळची नाजूक जागा

दारातून केबिनमध्ये येणारी तार ही साऱ्या जोडणीतली सर्वांत दगदगीची जागा. दार दिवसातून पन्नासदा उघडते, तेव्हा ती तारही पन्नासदा वाकते. पत्र्याच्या उघड्या कडेवरून तार नेली, तर इन्सुलेशन घासून आतले तांबे पत्र्याला टेकते आणि शॉर्ट होते. म्हणून गाडीत मूळचा रबरी भाता असेल, तर तार त्यातूनच न्यावी. नसेल, तर दार आणि खांब या दोन्हींच्या भोकांत रबरी ग्रोमेट बसवून तार लवचिक नळीतून ओढावी. दोन्ही भोके समोरासमोर न पाडता थोडी वर-खाली पाडली, तर दार लावताना तार मुडपत नाही. दार पूर्ण उघडल्यावरही तार ताणली जाणार नाही, इतकी सैल सोडावी.

वळवून नुसती टेप मारलेला जोड हा जुन्या वायरिंगचा नेहमीचा रोग आहे. उन्हाने टेपचा गोंद सुटतो, धक्क्यांनी पीळ सैल होतो आणि ओलाव्याने तांबे हिरवे पडते. नीट दाबून बसवलेला क्रिम्प किंवा डाख दिलेला जोड आणि त्यावर तापवून आवळलेली स्लीव्ह, हा टिकाऊ मार्ग. दाराच्या आत आणि बिजागरीपाशी शक्यतो जोड असूच नये.

पेटीची जोडणी

नियंत्रक पेटी डॅशबोर्डच्या आत, कोरड्या जागी, तारांचे तोंड खाली करून बसवतात. क्लच-ब्रेकचे दांडे आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यापासून तारा दूर बांधायला हव्यात. पेटीतून लोंबणारी बारीक तार ही अँटेना असते. ती गुंडाळून पत्र्याला चिकटवली, तर रिमोटचा पल्ला घटतो.

पेटीला कायमचा धन पुरवठा लागतो, कारण किल्ली काढल्यावरही तिला जागे राहायचे असते. तो बॅटरीच्या धन टोकाजवळून घ्यावा आणि टोकापासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज बसवावा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणतेही संरक्षण नसते. ती पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह ओतते आणि तार लाल होऊन पेटते. एक मोटर क्षणभरासाठी ३ ते ५ अँपिअर घेते, त्यामुळे दोन दारांच्या किटला बहुधा १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. किटवर दिलेल्या क्षमतेपेक्षा मोठा फ्यूज कधीही घालू नये. अर्थची तार रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर, बोल्टखाली घट्ट आवळावी. लॉक कधी चालते, कधी चालत नाही, अशा तक्रारींत पहिला संशय याच जागेचा घ्यावा.

इग्निशनची तार पेटीला किल्ली चालू आहे का, हे सांगते. तिच्यावर किल्ली ‘ऑन’ असताना आणि स्टार्टर मारतानाही १२ व्होल्ट मिळायला हवेत. मल्टिमीटर लावून ही तार शोधावी, अंदाजाने नाही.

इंडिकेटरच्या जोडणीत एक खाच आहे. पेटीला डाव्या आणि उजव्या बाजूसाठी दोन वेगळ्या तारा असतील, तर प्रत्येक तार आपापल्या बाजूला जोडली की झाले. तार एकच असेल आणि ती दोन्ही बाजूंना थेट जोडली, तर डावा इंडिकेटर देताच उजवाही लुकलुकतो. हे टाळायला प्रत्येक बाजूच्या वाटेत एकेक डायोड घालतात. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. पुढचा आणि मागचा २१ वॉटचा बल्ब मिळून एका बाजूला ४२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ३.५ अँपिअर होतात. सर्रास वापरला जाणारा १एन४००७ हा डायोड १ अँपिअरचाच असल्याने येथे जळतो. येथे ६ अँपिअरचा डायोड हवा.

गाडीत आधीच सेंट्रल लॉक असेल तर

काही गाड्यांत सेंट्रल लॉक असते, फक्त रिमोट नसतो. तेथे मोटरी बदलायची गरज नाही. नवी पेटी जुन्या यंत्रणेला इशारा कसा देणार, एवढाच प्रश्न उरतो. दारावरचा लॉक-स्विच दाबताना त्याच्या तारांवर मीटर लावून उत्तर शोधतात.

स्विच तारेला ऋण देत असेल, तर पेटीची ऋण इशाऱ्याची तार तिलाच समांतर जोडतात. पाच तारांच्या मोटरचे बाजारातले सेंट्रल लॉक आधीच बसवलेले असेल, तर तेथेही बहुधा हाच मार्ग असतो. स्विच धन देत असेल, तर पेटीच्या रिलेमधून धन इशारा द्यावा लागतो. तिसऱ्या प्रकारात स्विच मोटरीच्या तारांची दिशाच उलटवतो. तेथे स्विच आणि मोटरी यांच्यामधल्या दोन्ही तारा तोडून प्रत्येकीत एकेक पाच टोकांचा रिले घालतात. स्विचकडचे टोक ८७ए वर, मोटरीकडचे ३० वर, फ्यूजमधून आलेले धन ८७ वर आणि पेटीचा इशारा ८५-८६ वर. या प्रकारात तारा न तोडता नुसत्या जोडल्या, तर धन-ऋण थेट भिडतात.

आवरण लावण्यापूर्वीची चाचणी

दाराचे आवरण शेवटी लावावे. त्याआधी रिमोटने, चावीने आणि आतल्या खुंटीने दोन्ही दारे वीस-पंचवीस वेळा लावून-उघडून पाहावीत. काच वर असताना, काच खाली असताना, दार उघडे असताना आणि इंजिन चालू असतानाही. आतले हँडल ओढल्यावर दार विजेशिवाय उघडलेच पाहिजे. अपघातात सुटकेचा तोच मार्ग असतो.

बिघाडांची लक्षणे ठरलेली असतात. लॉकचे बटण दाबल्यावर सगळी दारे उघडत असतील, तर मोटरींच्या मुख्य दोन तारा अदलाबदल करायच्या. एकच दार उलटे वागत असेल, तर फक्त त्याच्या. मोटर ‘खट्’ वाजते पण खुंटी पूर्ण बसत नाही, म्हणजे सळईचा जोड चुकला. लॉक आपोआप लागते-उघडते, म्हणजे चालकाच्या दारातल्या बारीक तारांपैकी एखादी बिजागरीपाशी तुटू लागली आहे.

मग बॅटरीवरचा मूक भार मोजावा. सर्व बंद करून, ऋण टोक आणि त्याची तार यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर लावतात. मीटर लावलेले असताना स्टार्टर मारू नये. पेटी २० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला सुमारे अर्धा आणि महिन्याला जवळपास १४ अँपिअर-तास खर्च होतात. रोज धावणाऱ्या गाडीला हे जाणवत नाही, पण हंगाम नसताना दोन-तीन महिने उभ्या राहणाऱ्या पिकअपची बॅटरी यातून उतरते. अशा वेळी फ्यूज काढून ठेवावा.

काही पथ्ये

अनेक पेट्यांत एक सोय असते: रिमोटने लॉक उघडले आणि अर्ध्या मिनिटात कोणी दार उघडले नाही, तर ते पुन्हा लॉक होते. दाराच्या स्विचची तार जोडलेली नसेल, तर दार उघडल्याचे पेटीला कळतच नाही. मग चालक किल्ली आत ठेवून माल उतरवायला गेला, की गाडी त्याला बाहेर ठेवून लागते. ती तार जोडावी किंवा ही सोय बंद करावी.

काही किट चोरी टाळण्यासाठी इंजिन बंद पाडण्याची तारही देतात. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले, की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारे व्हॅक्यूमचे साहाय्य थोड्याच दाबांत संपते. घाटात, भरल्या गाडीला हे जिवावर बेतू शकते. स्टार्टर अडवणारी जोडणी पुरेशी आहे. धावते इंजिन तोडणारी जोडणी करू नये.

रिमोट हरवला किंवा गाडी वापरलेली घेतली असेल, तर पेटीची स्मृती पुसून हाताशी असलेले रिमोटच नव्याने नोंदवावेत. गाडी वॉरंटीत असेल, तर वायरिंगला हात लावण्यापूर्वी अटी वाचाव्यात. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या रंगाच्या जोडण्यांना स्पर्शही करू नये.

किटच्या किमतीत दुकानागणिक फरक पडतो, पण लॉकचे आयुष्य ठरते ते कारागिराच्या हातावर. काम पूर्ण होताना मालकाने तीन गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्याव्यात: बॅटरीजवळचा फ्यूज, बिजागरीपाशी रबरातून गेलेली तार आणि दारात परत चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद. आणि रिमोट कितीही चांगला असला, तरी दाराची एक जादा चावी केबिनबाहेर, स्वतःजवळ किंवा घरी, नेहमी ठेवावी.